डाव्या हाताची माफी

गॉटफ्रीड डोग्बे सकाळी वारला, आणि वारला तोही चुकीच्या काठावर.

शेंगा पिकल्या का ते बघून येतो म्हणून तो ओढ्यापलीकडच्या कोकोच्या मळ्यात गेला होता. तिथे धाकटा मुलगा याओ राहायचा. म्हातारा तिथेच आडवा झाला तो उठलाच नाही. त्याचं स्वतःचं घर ओढ्याच्या अलीकडे. मळ्यात कुणी खाकरलं तर इकडच्या अंगणातलं कुत्रं कान टवकारायचं, एवढंच काय ते अंतर. पण जर्मन लढाई हरले, तेव्हा त्यांच्या ताब्यातला आमचा मुलूख मधोमध वाटला गेला, आणि वाटणीची रेघ नेमकी या ओढ्यावरून गेली. अलीकडे इंग्रज, पलीकडे फ्रेंच. जगातल्या मोठमोठ्या राष्ट्रांनी मान डोलावली आणि दोघांना विश्वस्त असं नाव दिलं. ख्रिस्तोफकाका म्हणायचे, विश्वस्त म्हणजे ज्यांच्यावर आपण सोडून बाकी सगळ्यांचा विश्वास आहे ते.

कोसिवा निरोप घेऊन पुलावरून परत आली, तेव्हा सगळं घर शेजाऱ्यांसकट अंगणात बसलं होतं. ती म्हाताऱ्याची मुलगी, नवरा गेलेली, खारवलेले मासे आणि कापड घेऊन रोज पूल ओलांडणारी. पलीकडच्या चौकीवरचे लाल टोपीवाले शिपाई तिला ओळखायचे, म्हणून म्हाताऱ्याची खबर आणायला तिलाच पाठवलं होतं. तिच्या हातात बापाची काठी होती. काठी बघितल्यावर आजोवाने, तिच्या आईने, डोळे मिटले. रडली मात्र नाही. देह घरी आल्याशिवाय घरच्या बाईने रडायचं नसतं.

कोसिवाने निरोप जसाच्या तसा सांगितला. पलीकडच्या साहेबाने परवानगी दिली आहे. कोम्लाने स्वतः यायचं, बापाला हाक मारायची, आणि अंधार पडून पुलावरची ये-जा बंद व्हायच्या आत देह घेऊन परत जायचं. कुणी अडवणार नाही, असं याओने सांगितलं आहे.

कोम्ला थोरला. मिशनच्या शाळेत मास्तर. निरोप ऐकून तो घाबरला.

भीती उगाच नव्हती. गेल्या आठवड्यात त्या राष्ट्रांच्या संघाचं पाहणी-मंडळ जिल्ह्याच्या गावी आलं होतं. देशोदेशीचे साहेब शाळेत खुर्च्या मांडून बसले आणि लोकांची गाऱ्हाणी ऐकू लागले. कोम्ला उठला आणि म्हणाला की ही सीमा आम्ही मानत नाही, हा आमच्या अंगणातला ओढा आहे, आणि तिकडची मातीही आमचीच माती आहे. एवढ्यावर थांबला असता तर तो कोम्ला कसला. पलीकडे सभा भरवणाऱ्यांना बंदुकीच्या दस्त्याने कोण मारतं, त्या हवालदाराचं नावही त्याने घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांतले दोघे पुढच्या बाजाराला पलीकडे गेले, ते अजून आलेले नव्हते. तेव्हापासून कोम्लाने पुलाकडे पाठ फिरवली होती.

"परवानगी साहेबाने दिली, हे तुम्ही साहेबाच्या तोंडून ऐकलंत?" आकूने विचारलं. आकू कोम्लाची बायको.

"साहेब कशाला येतोय मळ्यात? हवालदार होता."

"कुठला हवालदार?"

कोसिवा म्हणाली, "तोच. याओच्या शेजारी उभा होता."

"शेजारी," आकू म्हणाली. "मग याओभावजी बोलले, की हवालदार बोलला?"

कोसिवाला राग आला. बाप उकाड्यात पडलाय, माशा हाकलायला परक्या बायका बसल्यात, आणि इथे उलटतपासणी चालली आहे. ती म्हणाली, "कोम्लादादा तुझा नवरा असला तरी माझाही भाऊ आहे, वहिनी."

"वन्सं, भाऊ तुम्हाला दोन आहेत. मला नवरा एकच आहे."

 ख्रिस्तोफकाका मध्ये पडले. ते म्हाताऱ्याचे धाकटे भाऊ, घराण्याचे कर्ते; चर्चमध्ये पंच, आणि पाद्रीबुवांची पाठ वळली की पितरांना दारू ओतायलाही तेच. त्यांनी विचारलं, ओढ्याच्या खालच्या उतारावरून गुपचूप देह नाही का आणता येणार? कोसिवाने सांगितलं की दारातच शिपाई बसवलाय. काका म्हणाले, मग मेलेल्या माणसाला एवढा पहारा कशासाठी, याचा विचार करा. विचार सगळ्यांनीच केला होता. पण काकांनी तो बोलून दाखवल्यावर अंगणातली हवा थंड झाल्यासारखी वाटली.

आता यातली अडचण अशी. आमच्यात माणूस घराबाहेर वारला तर थोरल्या मुलाने तिथे जाऊन, उशाशी उभं राहून त्याला नावाने हाक मारायची, उठा, घरी चला म्हणायचं. ही हाक दिली नाही तर देह येतो आणि माणूस तिथेच राहतो. दुसरी एक रीत आहे, पण ती परमुलखात मेलेल्यांची. समुद्रापार गेलेला खलाशी असो की लढाईवरचा शिपाई, ज्याचा देह आणताच येत नाही, त्याचे केस आणि नखं पांढऱ्या फडक्यात बांधून आणतात आणि तीच पुरतात. त्याला हाक आपल्या वेशीवरून दिली तरी चालते.

कोसिवाने तेच सुचवलं. म्हणाली, एवढी भीती असेल तर मी जाते, केस आणि नखं घेऊन येते.

 आजोवाने मान वर केली. "माझा नवरा परमुलखात नाही मेला. आपल्या मळ्यात मेला. ती झाडं मी लावलीत त्याच्याबरोबर." मग ती कोम्लाकडे वळली. "तू त्या साहेबांपुढे काय म्हणालास? ती माती आपली. मग आपल्या मातीतून बापाची नखं आणणार? आज नखं आणलीस तर तू तिथे खोटं बोललास."

कोम्लाने आकूकडे बघितलं नाही. आपण धीट नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. शाळेत उभं राहून बोलताना पाठीशी शंभर माणसं होती, पुलावरून एकट्याने चालायचं होतं. दस्ता बरगडीवर बसला की कसा आवाज होतो ते त्याने ऐकलं होतं. तरी तो म्हणाला, "जातो मी." आणि कापड बदलायला आत गेला. आकू त्याच्यामागे गेली नाही. ती चुलीपाशी जाऊन पाठमोरी बसली.

कोसिवाने एक गोष्ट मात्र गिळली होती. आजच्या दिवशी घरात भावाभावांत आग नको, म्हणून तिने ती सांगितली नाही.

•

याओ बापाच्या पायाशी बसला होता. आत बायकांनी देहाला लिंबाच्या पाण्याने पुसलं होतं, पण ऊन पत्र्यावर तापत होतं. ओसरीवर हवालदार कणसं भाजून खात होता.

सकाळी बापाचा श्वास थांबून कापड तोंडावर ओढलं जायच्या आतच हवालदार आला होता. एवढ्या लवकर बातमी कशी कळली, हे याओने विचारलं नाही. हवालदाराने समजावून सांगितलं, अगदी शांतपणे. थोरला भाऊ आला पाहिजे. आला तर देह जाईल, मळा तुझाच राहील, आणि तूही राहशील. नाही आला तर भावाऐवजी तू चालशील, मला डोग्बे आडनावाशी मतलब. निरोप तू सांगायचा, मी ऐकत उभा राहीन.

याओच्या मनात तेव्हा जे आलं, त्याची त्याला अजून लाज वाटत होती. येऊ दे दादाला, असं त्याला वाटलं होतं. शाळा त्याला मिळाली, कोयता मला. भाषण त्याने ठोकलं, टाळ्या त्याला मिळाल्या, आणि शिपाई माझ्या ओसरीवर. क्षणभर त्याला हे न्यायाचंच वाटलं. मग कोसिवा आली, आणि तिचे डोळे हुबेहूब आईचे.

त्याने निरोप सांगितला, एकही शब्द इकडचा तिकडे न करता. बापाची काठी त्याच्या उजव्या हातात होती. ती त्याने डाव्या हातात घेतली आणि डाव्या हाताने बहिणीपुढे धरली.

आमच्यात डावा हात पुढे करणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर थुंकणं. नुसती वाट दाखवायला डावा हात उचलला तरी आधी डाव्या हाताची माफी मागतात. कोसिवाचा चेहरा काळवंडला. हवालदार हसला, त्याच्या मुलखातही डाव्याचा अर्थ तोच होता. "बहिणीशी पटत नाही वाटतं," तो म्हणाला. याओने मान हलवली.

तेव्हापासून तो वाट बघत होता. कोसिवाला कळलं नाही, हे त्याने तिच्या पाठीवरूनच ओळखलं होतं. ती फणकाऱ्याने चालत गेली होती. आता त्याचा सगळा भरवसा एवढ्यावरच होता की ती घरी जाऊन आईपाशी कुरकुर करील. कोसिवा कुरकुर केल्याशिवाय राहत नाही, असं घरात सगळे म्हणायचे. आजच नेमकी शहाणी झाली तर?

•

आजोवा आतल्या खोलीत काळं कापड नेसत होती. कोम्ला गेल्यावर तिला पुलाच्या अलीकडे उभं राहून देहाची वाट बघायची होती. तिने कोसिवाला काठी मागितली.

कोसिवाने काठी दिली आणि तिचा बांध फुटला. "घे. नीट दोन्ही हातांनी देतेय, बघ. तुझ्या लाडक्यासारखी नाही."

"म्हणजे?"

"काही नाही."

"कोसिवा."

"डाव्या हाताने दिली त्याने मला. बाबांची काठी. त्या लाल टोपीवाल्यादेखत. कुत्र्याला तुकडा टाकावा तशी. मी बोलणार नव्हते."

आजोवाचे हात कापडाच्या गाठीवर थांबले. याओ डावखुरा जन्मला होता. चमचा, दगड, सगळं डाव्या हाताने. तीन वर्षांचा असताना तिने त्याचा डावा हात फडक्याने छातीशी बांधून त्याला जेवायला बसवलं होतं, रोज, तो रडला तरी, गॉटफ्रीड पुरे म्हणाला तरी. त्यानंतर त्या पोराचा डावा हात कुणापुढे आला नव्हता. तापात बरळत असतानाही त्याने पाण्याचा वाडगा उजव्या हाताने मागितला होता. चुकून त्याच्याकडून हे होणं शक्य नव्हतं. आणि बहिणीचा अपमान करायचाच असता, तर त्याला जीभ होती.

मग तिला सगळं कळलं, आणि ती मटकन खाटेवर बसली. याओ सांगत होता की येऊ नका.

पहिल्यांदा तिला आनंद झाला, की पोर विकला गेला नाही. आनंद टिकला नाही. कोम्ला गेला नाही तर हवालदार विचारणारच, का नाही आला? त्याला कळवलं कुणी? आणि तिथे याओशिवाय दुसरं होतंच कोण? एकाला वाचवायचं तर दुसरा जात होता. गुडघ्यावर काठी आडवी धरून ती बसून राहिली.

कोम्लाला सांगायचं का, हा विचारही तिने करून बघितला. पण कोम्लाच्या तोंडात तीळ भिजत नाही. आज सांगितलं तर पुढच्या पाहणी-मंडळापुढे तो उभा राहून भावाच्या शौर्याची गोष्ट सांगेल. कोसिवा बाजारात सांगेल, आकू आनंदाने सांगेल, आणि अंगणात बसलेल्या शेजाऱ्यांतला कुणीतरी पलीकडे कळवेल. सकाळची बातमीही हवालदारापर्यंत कुणीतरी पोचवली होतीच की.

ती उठली. दार ढकलून बाहेर आली आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "डाव्या हाताने दिली त्याने काठी! माझ्या नवऱ्याची काठी!"

कोम्ला पायरीवरच थांबला. आजोवा बोलतच राहिली. फ्रेंचांचं मीठ खाऊन माजलाय. बाप आत थंड पडलेला आणि हा बहिणीला डावा हात दाखवतो. आज मला मुलगा एकच. त्याच्या दारात या घरचं कुणी जाणार नाही, कोम्ला, तू तर नाहीच.

"पण आई, बाबांना हाक?" कोम्ला म्हणाला. त्याच्या आवाजात सुटका होती, ती त्यालाही ऐकू आली, आणि तो लाजला.

"वेशीवरून मार. कोसिवा, कात्री घे."

"मघाशी तूच म्हणालीस..."

"मघाशी मला ठाऊक नव्हतं, तो मुलूख परका झालाय ते."

आकूने चुलीपाशी तोंडावर पदर धरला. ख्रिस्तोफकाका आजोवाकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी टोपी उचलली आणि म्हणाले, चला वहिनी, मी येतो बरोबर.

•

पुलावर इकडच्या बाजूला इंग्रजांचा एक पोलीस स्टुलावर पेंगत होता. तिकडच्या बाजूला वाट अडवणारा आडवा बांबू होता आणि बांबूमागे लाल टोप्या. आजोवा बांबूला छाती लावून उभी राहिली आणि तिने याओच्या नावाने हाका मारल्या. कोसिवा तिच्या मागे कात्री धरून उभी होती. आईला असं ओरडताना तिने कधी पाहिलं नव्हतं, आणि आपणच हे पेटवलं म्हणून तिला रडू येत होतं.

याओ आला. हवालदार त्याच्याबरोबरच आला.

"मोठा कुठे आहे?" हवालदाराने विचारलं. त्याला आमची भाषा अर्धवट यायची.

"घरात कोंडलाय मी त्याला," आजोवा म्हणाली. "निघाला होता मूर्ख. ज्याने बहिणीला डावा हात दाखवला त्याच्या दारात मी माझं कुत्रंही पाठवणार नाही. याला विचार, का दाखवला."

मग तिने याओला जे काही ऐकवलं ते आमच्या घराण्यात आजही कुणी पुन्हा उच्चारत नाही. तिच्या दुधाचा, बापाच्या नावाचा, त्याच्या होणाऱ्या पोरांचा, सगळ्याचा त्यात उद्धार झाला. याओ मान खाली घालून उभा होता. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. आईला कळलंय, एवढं एकच त्या शिव्यांतून त्याला ऐकू येत होतं.

हवालदार आधी गोंधळला, मग चिडला, आणि शेवटी हसायला लागला. शिव्या कळायला भाषा लागत नाही. त्याने याओच्या पाठीवर थाप मारली. "तुझी आई माझ्यापेक्षा वाईट आहे. तुझ्या डाव्या हाताने माझं काम बिघडवलं, गाढवा."

गाढव म्हणाला. याओकडे मूर्ख म्हणून बघत होता, शत्रू म्हणून नाही; घराने टाकलेल्या मुलाला धरून डोग्बे घराण्याला काही दुखणार नव्हतं. आजोवाने बांबू घट्ट धरला. ती म्हणाली, "देह नको मला त्याच्या हातून. केस आणि नखं दे. परक्याच्या घरात मेलेल्या माणसाची देतात तशी."

हवालदाराने हात उडवला. केसांशी त्याला काही करायचं नव्हतं. कात्री घेऊन याओ गेला आणि फडक्याची छोटी पुरचुंडी घेऊन परत आला. उन्हं झाडांच्या मागे गेली होती. तो बांबूपाशी थांबला. आता कुठला हात पुढे करायचा? हवालदार बघत होता. याओने डावा हात पुढे केला. 

"डाव्याची माफी असावी, आई," तो पुटपुटला.

"माफी नाही," आजोवा मोठ्याने म्हणाली.

आणि तिने पुरचुंडी दोन्ही हातांनी घेतली, अगदी सावकाश, आपण मोठ्या माणसाकडून घेतो तशी. तिच्या बोटांत क्षणभर त्याची बोटं होती.

हवालदाराचं हसू थांबलं. "दोन्ही हातांनी?" त्याने विचारलं.

कोसिवाला त्या प्रश्नाचा अर्थ कळला नाही, पण काकांचा श्वास अडकलेला तिने ऐकला. आजोवाने हवालदाराच्या डोळ्यांत बघितलं.

"मी त्याच्याकडून घेत नाही. मी माझ्या नवऱ्याला घेतेय."

हवालदार तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने टोपी जरा मागे सरकवली, मेलेल्या माणसासाठी, आणि बांबूपासून दूर झाला.

•

कोम्लाने वेशीवरून हाक मारली तेव्हा अंधारून आलं होतं. बाबा, उठा, घरी चला. त्याचा आवाज ओढ्यावरून गेला. पलीकडे मळ्यात कुदळीचे घाव ऐकू येत होते; याओ बापाला तिथेच पुरत होता, कोकोच्या झाडाखाली. कोम्लाने पुन्हा हाक मारली, मग त्याला रडू फुटलं.

घराच्या मागे छोटासा खड्डा खणला होता, ताटाएवढा. सगळे त्याच्याभोवती उभे राहिले. काकांनी पितरांसाठी श्नॅप्स दारूची बाटली उघडली.

"माझं बोलणं आज खोटं पडलं," कोम्ला आईला म्हणाला. तो ओरडला नाही. "साहेबांपुढे मी म्हणालो सीमा नाही. आणि आज तू ती केलीस. त्या कुत्र्यापायी."

"हो. केली," आजोवा म्हणाली.

"यापुढे त्याचं नाव या घरात घ्यायचं नाही."

आकू म्हणाली, बरोबर आहे. कोसिवाही, नाक पुसत, बरोबर आहे म्हणाली. सकाळपासून एकमेकींवर गुरकावणाऱ्या त्या दोघी आता हात धरून उभ्या होत्या. काकांनी आजोवाकडे बघितलं. तिने डोळ्यांनीच त्यांना नाही म्हटलं, आणि त्यांनी बाटलीकडे नजर वळवली.

"नाही घ्यायचं," आजोवा म्हणाली.

आम्ही नातवंडं मोठी झालो ती आपल्याला एक डावा काका होता एवढंच ऐकत. मतदान झालं, झेंडे बदलले, विश्वस्त आपापल्या घरी गेले आणि ओढ्यावरची रेघ तेवढी राहिली. तो त्या पुलावर पुन्हा कधी आला नाही. कसा येणार? आईने हाकललेला मुलगा होता तो, आणि तसंच दिसत राहण्यावर त्याचा जीव अवलंबून होता.

त्या संध्याकाळी काकांनी पितरांना दारू ओतली, प्रार्थना म्हटली, आणि पुरचुंडीसाठी हात पुढे केला. आजोवाने ती पोटाशी धरली होती. द्या वहिनी, ते म्हणाले. तिने दिली नाही. त्यांना पुन्हा सांगावं लागलं, मग आणखी एकदा. नवऱ्यावरचा जीव सुटत नाही, असं वाटून सगळ्या बायका रडायला लागल्या. पण गॉटफ्रीडला तिने केव्हाच निरोप दिला होता. त्या फडक्याची गाठ याओने बांधली होती, आणि ती डाव्या हाताची होती.